अंबराची डबी

शनिवारची शाळा सुटली की मी हिंडलग्याहून निपाणी गाठते. बस, ऊन, आप्पांची औषधं, रविवारी परतीची बस. पाच वर्षं हेच चाललंय. कंटाळा येतो आणि तो लपवायचं त्राणही आता उरलेलं नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, वय पंच्याऐंशी. आमचं सुवासिक तपकिरीचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना आता दिसत नाही, म्हणून पेपर मी वाचून दाखवायचा.

त्या शनिवारी बातमी होती की देवमाशाची उलटी विकायला आणलेले दोघे पकडले गेले. राखी रंगाची, मेणासारखी, गोडसर वासाची. अत्तरवाले तिला अंबर म्हणतात. आप्पांनी बातमी पुन्हा वाचायला लावली. मग कोनाड्यातली पितळेची डबी मागितली. ती आजोबांची. तिच्यातला खडा किसून तपकिरीला वास द्यायचे, आणि सणाला त्यातलंच चिमूटभर बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, धुपात पडायचं. घरात त्यालाही अंबरच म्हणायचे, पण सगळे त्याला झाडाचा डिंक समजत होते. राळ, ऊद, तसंच हेही. आप्पा कांदा-बटाटा खात नाहीत, पाणी फडक्यानं गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात.

"हे निघतंय कसं, आक्का?" त्यांनी मला विचारलं.

मी विज्ञान शिकवते. लाटेबरोबर किनाऱ्याला येतं, एवढंच सांगितलं असतं तर भागलं असतं. तेही खरंच आहे. पण मी दमले होते, आणि दमले की माझी जीभ वर्गात चालते तशी चालते. तेलासाठी जगभर देवमासे कसे मारले, पोटं फाडून अंबर कसं काढलं, पिलांना दूध पाजणारा हा जीव संपत कसा आला, सगळं सांगून मोकळी झाले. आपला खडा किनाऱ्यावर सापडलेला की मारून काढलेला हे कळायला मार्ग नाही, असंही शेवटी म्हटलं, पण ते त्यांनी ऐकलंच नसावं. दोन दिवस ते नुसत्या पाण्यावर राहिले. मलाही घास उतरेना. सोमवारची रजा टाकली आणि दिवसभर स्वतःवरच चरफडत बसले. काय गरज होती मेलीला एवढं ज्ञान पाजळायची?

त्यात चुलतभाऊ आला. गिऱ्हाईक आहे, गुपचूप देऊन टाकू, जुना खडा आहे, त्यात कुणाचं काय जातंय, असं त्याचं चाललं होतं. आप्पा अंथरुणात उठून बसले.

"मी विकलो तर आणखी गिऱ्हाईक येतंय. गिऱ्हाईक आलं की कोणतरी मारायला जातंय. दुकानदाराला एवढं कळतंय, रं."

डबी सरकारजमा करायचं ठरलं. रिक्षा करून एका ऑफिसात गेलो, त्यांनी दुसरीकडे पाठवलं. तिथले म्हणाले, साहेब असतील तेव्हा या. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. इतकी वर्षं हे घरात कसं, असं त्यांनी विचारलं. नुसतं जवळ ठेवणंही गुन्हाच. आप्पांनी कन्नडमधून सगळं सांगितलं, धुपाचंसुद्धा. एक शब्द लपवला नाही. साहेबांनी खडा ठेवून घेतला, जबाब लिहून घेतला, बोलावलं तर यावं लागेल म्हणाले. अजून बोलावणं आलेलं नाही. येईल तेव्हा परत रिक्षा, परत रजा.

मग क्षमावाणी आली. आमच्यात त्या दिवशी कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागतात. आप्पांना बस्तीत जाणं जमलं नाही, म्हणून शेजारपाजारचेच घरी येऊन गेले. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "समुद्र कुठल्या बाजूला, गं?"

मी त्यांचे खांदे धरून त्यांना पश्चिमेला वळवलं. तिकडं आमच्या न्हाणीची भिंत आहे. भिंतीपुढं हात जोडून, शेजाऱ्यांना म्हटले होते त्याच शब्दांत त्यांनी क्षमा मागितली. मला वाटलं, झालं. पण ते चाचपडत माझ्याकडं वळले.

"आता तुझी, आक्का. तू खरं सांगितलीस, आणि मी तुला दोन दिवस उपाशी ठेवलो."

मागायची होती मी, आणि हात त्यांचे जोडलेले. मी ते धरून खाली केले.