शुक्रवारचा ठिपका

माझी बायको सात महिने माझ्या फोनमध्ये ठिपका होऊन राहिली होती. निळा, लहानसा, बेल्जियमच्या नकाशावर. शिकायला निघाली तेव्हा एअरपोर्टवर तिनेच माझा फोन घेऊन लोकेशन शेअरिंग चालू करून दिलं. "माझं तुला दिसेल, तुझं मला. म्हणजे पोचलीस का, कुठेयस, असले मेसेज नकोत," म्हणाली. मी म्हटलं, बरं. एवढ्याशा गोष्टीने पुढे माझ्या तोंडचा घास कडू होणार आहे, हे मला काय ठाऊक.

ती आर्किटेक्ट, पुण्याची. मी नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, वर्क व्हिसावर जर्सी सिटीत. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही पुण्यात होतो, मग ती माझ्यामागे इकडे आली ती डिपेंडंट म्हणून, आणि त्या व्हिसावर तिला काम करता येत नव्हतं. सहा वर्षं ती घरात बसून होती. 'बसून' हा माझा शब्द. ती रोज मैलोन् मैल चालायची, जुन्या विटांच्या घरांचे फोटो काढायची, जिन्यांची स्केचेस करायची. मी संध्याकाळी आलो की दाखवायची आणि मी जेवता जेवता "छान" म्हणायचो. मग एक दिवस लुव्हेनहून पत्र आलं. जुन्या इमारती जतन करण्याचा कोर्स, दीड वर्षाचा. तिने अर्ज केलाय हे मला माहीत होतं. तिला घेतील हे मी धरलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

तर तो ठिपका. एरवी तो फार गुणी होता. खोली, कॉलेज, बाजार, खोली. पण दर शुक्रवारी, आमच्याकडे दुपारचे बारा वाजले की, म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा, तो उठायचा. छोट्या नदीवरचा पूल ओलांडायचा, चर्चच्या कडेने जायचा, मग डावीकडे एका गल्लीत शिरून एका जागी थांबायचा. तीन तास हलायचा नाही. मी ऑफिसात डबा उघडून बसलेलो, एका हातात पोळी, दुसऱ्या हातात फोन. त्या गल्लीचं नाव मला धड उच्चारता यायचं नाही, पण तिची वळणं पाठ झाली होती.

शनिवारी फोनवर मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "काल काय केलं?"

"काही नाही रे, सगळे जेवलो."

सगळे म्हणजे कोण, हे फोटोत दिसायचं. वर्गातले पाचसहा जण, आणि त्यात हमखास एक पोर्तुगीज. दाढी, धुळीने पांढरे झालेले बूट, गवंड्यासारखे दणकट हात. एका फोटोत त्याच्या हातात हेल्मेट होतं. सायकलचं, पिवळं. माझ्या बायकोचं. आता दुसऱ्याचं हेल्मेट माणूस कशाला धरेल? मी तो फोटो इतका मोठा करून पाहिला की नुसते चौकोन दिसायला लागले. मी जळत होतो, आणि दुसऱ्या कुठल्या शब्दाने ते झाकता येणार नाही.

आणखी एक गोष्ट होती. जानेवारीत तिने पार्सल मागवलं: जाडे पोहे, काळे चणे आणि माझ्या आईच्या हातचा मसाला. वाचून मी हरखलोच. आमच्या घरचं हे जुनं भांडण. नागपुरात पोह्यांवर तर्री घेतात, काळ्या चण्यांचा लालभडक झणझणीत रस्सा. पुणेकरणीला ते बघवायचं नाही. दर शनिवारी पोहे मी करायचो, आणि ती आपली प्लेट उचलून पातेल्यापासून लांब जाऊन बसायची. "पोह्यांचा चिखल करतोस," म्हणायची. मी म्हणायचो, "तर्रीशिवाय पोहे म्हणजे कोरडा चारा." आठ वर्षं हेच. आणि आता स्वतःहून चणे मागवतेय म्हणजे मी जाईन तेव्हा माझ्यासाठी करणार. मी दोन किलो पाठवले. मार्चमध्ये तिने परत मागवले. तेव्हा मात्र माझी ट्यूब पेटली. मी तर अजून गेलोच नव्हतो. मग दोन किलो चणे खाल्ले कोणी?

एप्रिलमध्ये ती म्हणाली, "एखाद्या वीकेंडला येशील? एक बोलायचंय. फोनवर नको."

मी त्याच रात्री तिकीट काढलं, भावही न बघता. टीममधला एकजण म्हणाला, "वीकेंडला युरोप? यार, तुझी ऐश आहे." मी हसलो. शुक्रवारी नूअर्कहून संध्याकाळच्या विमानात बसलो, बॅगेत मेतकूट, चिवडा आणि चणे. हो, चणे. आयते नेऊन देणारा शहाणा मीच.

शनिवारी सकाळी लुव्हेनच्या स्टेशनाबाहेर ती सायकल घेऊन उभी होती. केस मानेपर्यंत कापलेले.

"केस कापलेस? बोलली नाहीस."

"बोलले होते. तू मीटिंगमध्ये होतास, 'छान' म्हणालास."

आम्ही चालत गावात निघालो. जर्सीत ही बाई रस्ता क्रॉस करताना माझी बाही धरायची. इथे एका हाताने सायकल ढकलत, दुसऱ्या हाताने खांब, कमानी, कोपरे दाखवत पुढे चालली होती. पाववाल्या बाईशी त्यांच्या भाषेत बोलली. बाई हसली, हीपण हसली. मी मध्ये उभा, पावाकडे बघत. टाऊन हॉलच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत पुतळेच पुतळे, आणि ती कुठला मूळचा, कुठला नंतर बसवलेला, हे घरच्या माणसांबद्दल सांगावं तसं सांगत होती. एका जुन्या भिंतीवर तिने हात ठेवला, दोन दगडांमधल्या चुन्यावरून बोट फिरवलं. "हा सिमेंटने भरला असता तर दगड फुटला असता. चुना मऊ असतो, दगडाला हलायला जागा देतो." मला त्या भिंतीचाही राग आला. मी रात्रभर विमानात अवघडून आलो होतो आणि माझ्या पाठीवरून अजून कोणी हात फिरवला नव्हता.

"काय बोलायचंय?" मी विचारलं.

"सांगते. आधी जेवायला जायचंय. सगळे थांबलेत. एरवी शुक्रवारी भेटतो, पण तू येणार म्हणून आज ठेवलं."

आम्ही पूल ओलांडला. नदी नकाशात दिसायची तशीच, अगदी ओढ्याएवढी. चर्च आलं. मी चर्चच्या कडेने गेलो, डावीकडे वळलो आणि गल्लीत चार पावलं चाललोसुद्धा. मग लक्षात आलं, सायकलचा आवाज थांबलाय.

ती कोपऱ्यावर उभी होती.

"तुला कसं माहीत, इथे वळायचं?"

मॅपवर पाहिलं असं म्हणता आलं असतं, पण पत्ता तिने मला दिलाच नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो. ती चिडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती फक्त म्हणाली, "दर शुक्रवारी?"

मी मान हलवली.

"बरं," ती म्हणाली, आणि सायकल घेऊन माझ्या पुढे गेली.

घर त्या पोर्तुगीजाचंच होतं, म्हणजे तो आणि त्याची बायको. बायको. पोटुशी होती, तिनेच दार उघडलं. माझ्या मनातल्या सात महिन्यांच्या सिनेमाचं तिथल्या तिथे वाटोळं झालं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, एखादा मिनिट. मग मी स्वयंपाकघरात गेलो.

टेबलावर पोह्यांचं पातेलं होतं, शेजारी दुसऱ्या पातेल्यात तर्री. लाल, वर तेलाचा तवंग, आईच्या मसाल्याचा वास. तो दाढीवाला डावाने पोह्यांवर रस्सा ओतत होता आणि मला बघून इंग्रजीत म्हणाला, "तूच ना तो? याच्याशिवाय पोहे म्हणजे कोरडा चारा म्हणणारा?" सगळे हसले. माझं वाक्य त्या सगळ्यांना पाठ होतं. माझी आई मसाला कुठे वाळवते तेही. बर्फात गाडी अडकली तेव्हा मी गाडीला नागपुरी शिव्या कशा घातल्या, तेही. आणि माझी बायको वाटी तोंडाला लावून तर्री पीत होती. आठ वर्षं माझ्यासमोर नाक मुरडणारी बाई.

ती कुणा माणसाबरोबर असती तर मी त्या माणसावर जळलो असतो. इथे मी कुणावर जळू? माझेच किस्से, माझेच पोहे, माझ्याच आईचा मसाला, आणि त्या सगळ्याची चव ज्यांना मिळत होती त्यांत मी नव्हतो. मी त्या पातेल्यावर जळलो. खरंच सांगतो.

"तुला तर आवडत नाही ना?" मी मराठीत, हळूच विचारलं.

"तिकडे तू दर शनिवारी करायचास," ती म्हणाली. "इथे शनिवार आला की घरात तो वास नसायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा रडले होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू 'छान' म्हणाला असतास."

जेवण झाल्यावर आम्ही परत त्या चर्चपाशी येऊन बाकावर बसलो. चर्चच्या बुरुजाला वरपासून खालपर्यंत परांच्या बांधल्या होत्या. तिने तिकडे बोट दाखवलं. बुरुजाचं काम तीन वर्षं चालणार होतं. तिला त्या टीममध्ये घेत होते. कोर्स संपल्यावर नोकरी, राहण्याचा परवाना, तिच्या स्वतःच्या नावावर. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"तीन वर्षं," मी म्हटलं.

"मी तुला विचारायला बोलावलं होतं. नको म्हणालास तर नाही म्हणेन, असंही ठरवून बसले होते." ती बुरुजाकडेच बघत होती. "तू डावीकडे वळलास ना, तेव्हा ते संपलं. आता विचारत नाहीये. सांगतेय."

माझ्या मनात पुष्कळ काही आलं. ग्रीन कार्डची लाइन, माझी आई काय म्हणेल, आठ वर्षं. तोंडातून निघालं ते भलतंच. "तूपण माझा ठिपका बघू शकत होतीस. मी बघितलं त्यात काय एवढं?"

"बघायचे," ती म्हणाली. "सुरुवातीला रोज. घर, ऑफिस, घर. शनिवार-रविवार तर जागचा हलायचाच नाही. मला माझी सहा वर्षं दिसायची त्यात. बघवेना, म्हणून बंद केलं बघणं."

ती हे सहज म्हणाली, टोमणा नव्हता. मला मात्र ते फार लागलं. म्हणजे इतके महिने मी तिच्याकडे बघत होतो आणि माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. गंमत बघा, त्या बुरुजापेक्षा आणि तीन वर्षांपेक्षा मला हेच जास्त झोंबलं. दिवसभर मी ज्याच्यावर जळत होतो ते हेच असावं. तिला बघायला मी होतो, दर शुक्रवारी, न चुकता. मला कोण होतं?

रविवारी सकाळी ती स्टेशनवर सोडायला आली. गाडी येईपर्यंत आम्ही कॉफी प्यायलो. तिने माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, म्हणाली, "तिकडे थंडी असेल." मी म्हटलं, "एप्रिल आहे." एवढंच. दोघंही शब्द मोजून बोलत होतो.

नूअर्कला उतरलो तेव्हा दुपार होती. ट्रेनमध्ये बसलो. जर्नल स्क्वेअर आलं, आमचं स्टेशन. दार उघडलं, आणि मी उठलो नाही. वर जाऊन काय करायचं होतं? घर, ऑफिस, घर. दार बंद झालं. मी नदीकाठच्या स्टेशनवर उतरलो आणि बॅग ओढत पाण्याच्या कडेने चालायला लागलो. समोर मॅनहॅटन, लोक कुत्री फिरवतायत, कोणीतरी लग्नाचे फोटो काढतंय. सहा वर्षं ती इथे एकटी चालायची. मी रविवारी इथे कधी आलो होतो ते मला आठवेना.

सवयीने फोन काढला. तिकडे संध्याकाळचे आठ. ठिपका पूल ओलांडून, चर्चच्या पुढे, त्याच गल्लीत होता. रविवारीसुद्धा. मी परत तसाच जळलो, जराही कमी नाही. आता त्या घरात कोण कोण आहे, टेबल कुठे आहे, सगळं माहीत होतं, तरी जळलो. उलट आता मला पातेलंही दिसत होतं. उरलेली तर्री दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते, हेही मीच तिला आठ वर्षं सांगत आलो होतो.

मी फोन खिशात टाकला आणि तेवढ्यात तो थरथरला.

"घरी नाही गेलास? पाण्याजवळ काय करतोयस?"

मी तिथेच थांबलो. मागून पळत येणारा एकजण माझ्या बॅगेला धडकता धडकता वाचला, काहीतरी बोलून गेला. मी तो मेसेज परत वाचला. मग परत.

"फिरतोय," मी टाइप केलं. मग थोडं थांबून, "उद्या त्यांना हो म्हण." ती विचारत नव्हती, मला माहीत होतं. तरी लिहिलं.

मी उभाच होतो, फोनकडे बघत. मग उत्तर आलं.

"हो. आणि आता पुढे जाऊ नकोस, तिकडे बांधकाम आहे, रस्ता संपतो. डावीकडे वळ. तिकडून स्टेशन जवळ आहे."

मी डावीकडे वळलो.