नानासाहेबांचा खानदानी पाइप

छत्रीबागेतले आमचे नानासाहेब रोज संध्याकाळी खान नदीची आरती करतात आणि नंतर नदीला वास येतो म्हणून सरकारला शिव्या घालतात. पणजोबा दरबारात होते, त्यामुळे आवाज अजून दरबारीच!

परवा सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या इंजिनिअर संबोधी घाटावर आल्या, तर हे गरजले, "मॅडम, तुमचा प्लांट झोपा काढतो काय?"

संबोधींनी वर बोट दाखवलं. नानासाहेबांच्या संडासाचा पाइप थेट नदीत सुटला होता.

"प्लांटपर्यंत आलं तर साफ करू ना, नानाजी! ड्रेनेज लाइनला जोडून घ्या."

"त्यासाठी पणजोबांचा ओटा फोडू? हमारी भी कोई इज्जत है!"

मग नाकाला रुमाल लावून त्यांनी आरती सुरू केली. तेवढ्यात घरात कुणीतरी फ्लश ओढला आणि नदीला नैवेद्य पोचला.