हात न लावणाऱ्या ताई

ताई मला हात लावत नसत. त्यांचे दोन्ही हात माझ्या अंगापासून चार बोटांवर तयार असत, मी पडले तर धरायला. पण आधी लागत नसत. बीडच्या त्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागात मी शुद्धीवर आले तेव्हा सगळे मला उचलत होते, कुशीवर वळवत होते. ह्या एकट्या बाई पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आता तुझं तू काय करतीस ते बघू. पाय उचल." मी पायाला सांगितलं. पाय हललाच नाही. मी परत सांगितलं. चादरीखालचा तो उंचवटा माझा पाय आहे की दुसऱ्या कुणाचा, तेच कळेना. रडूही आलं नाही, इतकी मी हबकले.

मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाचं अंग किती चालतंय ते मोजायचं, हे त्यांचं काम. निमोनियानं बरेच दिवस माझ्या घशात नळी होती, पडून पडून मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या. त्यांच्या कागदावर शून्य ते दहा आकडे होते. नुसतं पडून राहिलं तर शून्य, पलंगाच्या कडेला बसलं तर तीन, उभं राहिलं तर चार, कशाचा आधार न घेता चाललं तर दहा. मी आठवीत शाळा सोडली ती आकड्यांच्या भीतीनंच. त्यांनी शून्य लिहिलं तसा माझा चेहरा उतरला असावा. "हे शाळेतले मार्क न्हाईत गं," त्या म्हणाल्या. "आज तू कुठं हायस, एवढंच लिहिते. हितं कुणी नापास करत न्हाई."

नापास करणारे दुसरे होते. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. नवरा मेंढरं घेऊन लांब गेला होता, म्हणून आमच्या गावाहून, चौसाळ्याहून, रोज सकाळी मामाच येत अन् ताई तपासायला आल्या की माझ्या पायथ्याशी उभे राहत. तिसऱ्या दिवशी शून्यच लिहून ताई गेल्या, तसा त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. "पायानं गेली ती. धारूरला तिच्या मायकडं पोचवून देऊ. लेकरू आपल्याकडंच ऱ्हाईल." मी डोळे मिटून पडले होते. माझी आरू दोन वर्षांची.

खरं सांगते, आदल्या दिवसापासूनच माझे पाय हलायला लागले होते. मामा नसले की मी चादरीखाली गुडघे दुमडायची, टाचा रेटायची. ते समोर आले की अंगाचं लाकूड व्हायचं. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण मामांसमोर मी कधी बाजेवर बसले नव्हते. इथं तर अंगात दवाखान्याचा गुडघ्यापर्यंतचा झगा, डोक्यावर पदर नाही. पाय उचलला अन् चादर सरकली तर? त्यापेक्षा शून्य बरं. हे कुणाला सांगायचं असतं, हेच सुचलं नाही. फोन ऐकल्यावरसुद्धा तोंड उघडेना, याचा मला आजही धक्का बसतो.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या, कागद काढला अन् थांबल्या. त्या माझ्या टाचांकडं बघत होत्या. "चादर सकाळीच बदललीय ना? मग हितं एवढी चुरगळली कशी? जिचे पाय हलत न्हाईत, तिची चादर घडीत ऱ्हाती." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मामांकडं. त्या आमच्याच भागातल्या, नेकनूरच्या; सासऱ्यांसमोर सून कशी आखडते, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"मामा, तुमी बाहेर बसा."

"कावून? मी तिला बापासारखा हाय."

"बापासारखे, म्हणूनच."

गावात ज्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं बोलत नाही, ते मामा गुमान बाहेर गेले. मी कडेला बसले. मग उभी राहिले. पाय लटलट कापत होते, ताईंचे हात चार बोटांवर होते, पण मी उभी होते. त्यांनी चार लिहिलं. मग पेन खिशाला लावून म्हणाल्या, "माझं चुकलं. मी नुसते तुझे पाय तपासले, समोर कोण उभं हाय ते बघितलंच न्हाई." शिकलेली बाई माझ्यासारखीला चुकलं म्हणाली, तेव्हा मी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

चार-पाच दिवसांनी त्यांनी मला वॉकर दिला. झग्यावरनं माझी साडी गुंडाळून, डोक्यावर पदर देऊन दाराबाहेर काढलं. पुढं मामा उभे, खांद्यावर आरू. चौथ्या पावलाला पदर घसरला. दोन्ही हात वॉकरला. "ताई, पदर..."

"पडू दे. हात सोडू नको."

मामांनी ते बघितलं अन् तोंड भिंतीकडं केलं. त्यामुळं खांद्यावरच्या आरूचं तोंड माझ्याकडं झालं. तिनं क्षणभर मला ओळखलंच नाही. मग हात पुढं केले. मामा भिंतीशीच बोलले, "धारूरचं राहू दे आता. घरी चल."

आता आम्ही सुरतेला असतो. मी साड्यांना टिकल्या लावते. जिना चढताना पाय गेले तर, ही धास्ती अजून आहे. पण त्याहून जास्त, एक गोष्ट राहून गेल्याची रुखरुख आहे. दवाखान्यातून निघताना मी ताईंच्या पाया पडायला गेले होते. काचेतून दिसलं: पलंगावर नवीनच कुणाची तरी सून, पायथ्याशी सासू, सासरे, दीर. ताईंनी कागद अजून काढलाही नव्हता. आधी त्या तिघांना म्हणाल्या, "तुमी जरा चहा घेऊन या." तिघं माझ्याजवळून बाहेर गेले. ताईंनी आतून दार लावून घेतलं. मी ठोठावलं नाही.