स्टूल मी धरलं होतं

रंगाऱ्याचा हात वरपर्यंत पुरत नव्हता. त्याच्याबरोबर आलेला कर्जकंपनीचा साहेब मम्मीला म्हणाला, "ताई, एखादं स्टूल असेल का घरात?"

मम्मीने आतून स्टूल आणलं. पदराने पुसून दिलं.

त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. रंगारी वर चढला आणि डगमगला. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. माझ्याच वयाचा असेल. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "मॅडम, जरा धरता का? पडायचा तो."

मी स्टूल धरलं. दोन्ही हातांनी.

तो वर आमच्या भिंतीवर लिहीत होता, मी खाली वाकून उभी होते. लाल रंगाचे थेंब मनगटावर पडत होते. हात काढला तर तो पडेल, एवढंच डोक्यात होतं.

'ही मालमत्ता गहाण आहे. कोणीही खरेदी-विक्रीचा व्यवहार करू नये.' खाली कंपनीचं नाव. अक्षर सुरेख. आधी खडूने रेघा मारून घेतल्या होत्या. कर्जाचे सगळे कागद इंग्रजीत होते. भिंतीवरचं तेवढं मराठीत.

मे महिन्यातली दुपार. मम्मी ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन आली. तिचं माहेर साक्रीकडचं. घाबरली की तिची अहिराणी वर येते. रंगाऱ्याला म्हणाली, "पानी ल्या भाऊ, ऊन कितलं शे."

आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. कशाला आला, ते नंतर.

साहेब पाणी प्यायला. मग मोबाइल काढला. "ताई, तशाच उभ्या राहा. घर ओळखू आलं पाहिजे. मॅडम, तुम्ही बाजूला व्हा." मम्मीने डोक्यावर पदर घेतला. ट्रे छातीशी धरला. फोटोसाठी उभं राहायचं म्हणजे नीट उभं राहायचं, एवढं तिला माहीत. ती नीट उभी राहिली.

जाता जाता त्याने गच्चीकडे पाहिलं. "काका वर आहेत ना? असू द्या. त्यांना नका बोलवू."

पप्पा खरंच वर होते. पाण्याच्या टाकीमागे. मोटरसायकल दारात थांबल्याचा आवाज आला की ते जिना चढायचे. हे कंपनीला कळलेलं आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पप्पा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशीनवर होते. माझ्या शाळेपासून माझ्या एम.ए.पर्यंत ते एकाच मशीनवर होते. जळगावच्या पिंप्राळ्यातलं हे घर, दोन खोल्या आणि वर गच्ची, त्यांनी त्या मशीनच्या भरवशावर घेतलं. बँकेने पगाराचे कागद मागितले, ते नव्हते. कर्जकंपनीने मागितले नाहीत. व्याज तेवढं जास्त लावलं. बरीच वर्षं एकही हप्ता चुकला नाही. मग कारखाना बंद पडला. मालकाने दुसरीकडे दुसरा सुरू केला. पप्पा रोजंदारीवर गेले. हप्ता रोजंदारीवर गेला नाही.

कर्ज आम्ही घेतलं. आम्ही थकवलं. हे मी लपवत नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढे सगळे हेच विचारतात.

आमची गच्ची गल्लीत सगळ्यात मोठी. उन्हाळ्यात गल्लीतल्या बिबड्या तिथेच वाळतात. ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवायचा आणि जुन्या साड्यांवर पातळ थापायचा. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या. बायका न बोलावता येतात. मम्मी शाळेच्या पालकसभेत कधी तोंड उघडत नसे. माझ्या मिसनी इंग्रजीत काही विचारलं की नुसती हसायची. पण बिबड्यांच्या दिवसांत ती गच्चीवर हुकूम सोडायची.

त्या दिवशी समोरच्या कुमुदआक्कांच्या बिबड्या वाळत होत्या. भिंतीवरचा रंग अजून ओला होता, तेवढ्यात आक्का दोन बायकांना घेऊन आल्या. आवाज दबका होता.

"राग नको मानू वो. सील लागनं ते बठ्ठा माल मझार अडकी जाई."

सील लागलं तर सगळा माल आत अडकेल, ही भीती. भिंतीवर लिहिलं म्हणजे संध्याकाळपर्यंत कुलूप पडणार, असं गल्लीत ठरलं होतं. तसं नसतं. त्याला बरेच महिने लागतात. मला माहीत होतं. मी बोलले नाही. मी कधीच बोलत नाही.

मम्मी म्हणाली, "चाला, मी पन येस."

आम्ही वर गेलो. टाकीमागे पप्पा उकिडवे बसलेले.

आक्का थबकल्या. "भाऊ, तुम्ही आठे?"

"टाकी पाहत होतो," पप्पा म्हणाले. "गळते."

टाकी गळत नव्हती. जमीन कोरडी ठणठणीत होती. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. पप्पा उठले आणि साडीचं एक टोक धरून घडी घालू लागले. बिबड्या अर्ध्या ओल्या होत्या. काढताना फाटत होत्या. मम्मी म्हणाली, सावकाश. कोणी सावकाश केलं नाही. सगळ्यांना खाली जायची घाई होती.

त्यानंतर आमच्या गच्चीवर कोणी काही वाळवलं नाही.

मी धुळ्याला एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि दरवर्षी पुन्हा नेमणूक. त्याच सुमारास जळगावात एका कुटुंबाला घराबाहेर काढल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. एसटीत रोज तोच विषय.

"घेताना बरं गोड लागतं."

"मोठे पळून जातात परदेशात, त्यांना विचारतं का कोणी?"

"मोठ्यांचं सोड ना बाप्पा. तू भरतोस ना? मग यांनी का नाही भरायचं?"

मी खिडकीशी पुस्तक उघडून बसायची. पान उलटायचं विसरायची. कॉलेजात कोणी विचारलं, घर कुठे, तर मी पिंप्राळा सांगायची आणि थांबायची.

मग कॉलेजने त्या विषयावर जाहीर चर्चा ठेवली. प्राचार्यांनी मला बोलावलं. "तुमचं इंग्लिश चांगलं आहे. सूत्रसंचालन आणि आभार तुम्हीच करा. पाहुण्यांना बरं वाटेल."

मला चारचौघांत बोलता येत नाही. लहानपणापासून. हे सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्या टेबलावर नेमणुकांची फाइल होती. मी हो म्हटलं.

सभागृहात गेले तेव्हा बॅनर पाहिला. कार्यक्रमाचा खर्च एका कर्जकंपनीने केला होता. आमच्याच.

व्यासपीठावर एक वकील, एक निवृत्त बँक अधिकारी आणि कंपनीचे विभागीय व्यवस्थापक. वकील कायद्याबद्दल नीट बोलले. श्रोत्यांतून एक शिक्षक उठले. शिरपूरजवळच्या शाळेत शिकवत होते. म्हणाले, "मी पगारातून हप्ता भरतो. पोरीचं लग्न कोर्टात केलं, दागिना केला नाही. मग बुडवणाऱ्यांची दया मी का करायची?" टाळ्या पडल्या. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या शर्टची कॉलर उलटून शिवलेली होती. मला त्यांचा राग येईना. त्यामुळे मी आणखीच एकटी पडले.

शेवटी व्यवस्थापक उभे राहिले. गोरे, हसतमुख, मराठीत इंग्रजी कालवून बोलणारे. पडद्यावर चित्रं दाखवत होते. म्हणाले, "आता ग्राउंड रिअॅलिटी पाहू."

पडद्यावर आमची भिंत आली.

लाल अक्षरं. आणि शेजारी मम्मी. डोक्यावर पदर, छातीशी ट्रे, ट्रेमध्ये रिकामे ग्लास. भिंतीएवढी मोठी मम्मी.

"ही बाई पाहा," ते म्हणाले. "आमच्या माणसांना पाणी देते. हप्ता देत नाही."

सभागृह हसलं. मोकळं हसलं, छान विनोदाला हसतात तसं. माझ्या शेजारच्या प्राध्यापिकेने हसता हसता टाळीसाठी हात पुढे केला. माझा हात उठला नाही. त्यांनी तो आपल्याच मांडीवर मारला. ते शिक्षकही हसत होते. मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. वाईट माणसं नव्हती. त्यातल्या कोणाच्याही दारात मम्मी गेली असती तर त्यांनीही तिला पाणी दिलं असतं.

माझ्या हातात आभाराचा कागद होता. माननीय, सन्माननीय, अत्यंत उद्बोधक. प्राचार्यांनी मान हलवून खूण केली. मी माइकपाशी गेले. पाय चालत होते, एवढंच कळत होतं. कागद वाचायला सुरुवात केली, 'माननीय'पर्यंत आले आणि पुढचं नाव तोंडातून निघेना.

मग मी कागद खाली ठेवला.

मी म्हणाले, "फोटोतलं घर आमचं आहे. त्या माझ्या आई आहेत. आभार मानायचं काम माझ्याकडे दिलं आहे. मी यांचे आभार मानणार नाही."

एवढंच. मी भाषण केलं नाही. मला येत नाही.

व्यवस्थापक अर्धवट उठले. "मॅडम, सॉरी. चेहरा ब्लर करायला हवा होता. आमची चूक."

"चेहरा झाका असं मी म्हटलं नाही," मी म्हणाले. "त्यावर हसलात, ते बोला."

ते काही बोलायच्या आत प्राचार्यांनी मागे साउंडवाल्याला हात केला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ उभे राहिले. मीही. पडद्यावर मम्मी तशीच होती. राष्ट्रगीत संपलं आणि कार्यक्रमही संपला, कारण राष्ट्रगीतानंतर कोणी बोलत नसतं. लोक चहाकडे गेले.

ते शिक्षक तेवढे माझ्याकडे आले. "बेटा, मी बोललो ते तुमच्याबद्दल नव्हतं."

"आमच्याबद्दलच होतं, सर."

ते चहा न घेता निघून गेले.

पुढच्या वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. तासिका कमी झाल्या, असं सांगण्यात आलं. भांडायला माझ्याकडे काही नव्हतं.

घरी मी काहीच सांगितलं नाही. फोटोचंही नाही. मम्मीने विचारलं, कॉलेज बंद का? मी म्हटलं, सुट्टी.

मग घराचा ताबा घ्यायचा कलेक्टर कचेरीचा आदेश झाला. तोच साहेब पुन्हा आला, या वेळी एकटा. मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी लावून पायी आला, म्हणून पप्पांना वर जायला वेळ मिळाला नाही. समोरासमोर बसावं लागलं. त्याने एक छापील कागद काढला. आवाज अगदी घरच्यासारखा.

"काका, घर तर जाणार. पण पोलीस, पंचनामा, कॉलनीसमोर कुलूप फोडणं, हे बरं दिसत नाही. पहाटेच सामान काढा. इथे सही करा, स्वखुशीने ताबा दिला म्हणून. किल्ली माझ्याकडे द्या. कोणाला कळणारही नाही. तुमच्या इज्जतीसाठी सांगतोय."

पप्पांनी पेन घेतलं. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. कितीतरी दिवसांत कोणी त्यांच्या इज्जतीबद्दल बोललं नव्हतं.

आणि मला ते सगळं एकदम स्पष्ट दिसलं. ही माणसं आम्हाला पुरती ओळखतात. आम्ही लपतो, हे त्यांना माहीत आहे. भिंत रंगवायची ती आम्ही खाली पाहावं म्हणून. आणि आम्ही खाली पाहिलं की म्हणायचं, आता गुपचूप निघा. त्यांचं काम आमची लाज करते. फुकटात करते. स्वखुशीची सही झाली की उद्या सांगायला मोकळे, कोणाला बाहेर काढलंच नाही, ते आपणहून गेले.

मी म्हणाले, "पप्पा, सही नको."

"मॅडम, त्याने घर वाचणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"तुम्ही काढताय तर तुम्ही काढा. दुपारी या. गल्लीत सगळे असताना या."

तो गेल्यावर पप्पा माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तुला काय होतं, तू शिकलेली. तू जाशील कुठेही. मला याच गावात फिरायचं शे." मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मम्मी माळ्यावरची भांडी उतरवायला लागली. मला वाटलं होतं, ती तरी माझ्या बाजूने असेल. अजून कळलेलं नाही.

दिवस ठरला आहे. आम्हाला कुठे जायचं ते ठरलेलं नाही. पप्पांचा चुलतभाऊ एक खोली बघतो म्हणाला होता, आता फोन उचलत नाही. मी तीन ठिकाणी नोकरीचे अर्ज केले आहेत. उत्तर नाही. घर जाईल. यात मला काही शंका नाही आणि कोणी मला धीर देऊ नये.

देणं आमचं आहे. लाज आमची नाही.

पहाटे आम्ही निघणार नाही. सामान दिवसा निघेल, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुलूप मी स्वतः लावणार आहे. पंचनाम्यात लिहावं लागेल की कुलूप फोडलं, आणि कोणी फोडलं त्याचं नाव. कोणी विचारलं तर मी माझं नाव सांगेन, नंतर कुठेही, कितीही वेळा विचारलं तरी.

किल्ली माझ्याकडे आहे. ती मी देणार नाही.