निंबाळकर काका आणि वर पळणारी यादी

निंबाळकर काका कुणाच्याही घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले, की पहिली पंधरा मिनिटं कॉम्प्युटरला हात लावत नसत. चपला दाराशी काढायच्या, मनगटावरचं घड्याळ खिशात टाकायचं, आपल्या मागे खुर्ची ओढून बसायचं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणायचं, "चल, तू कर तुझं काम. मी नाहीच असं समज." परीक्षेत पर्यवेक्षक पाठीशी येऊन थांबला की जसं होतं, तसं माझं व्हायचं. बोटं अडखळायची. पण काकांना ते अडखळणंही बघायचं असे. "हात नंतर, डोळे आधी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी घाई केली की त्यांच्या तोंडून गुजराती बाहेर पडे, "अरे, शांतिथी! ट्रेन पकडवानी छे तारे?"

बडोद्यातल्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओळखीपाळखीच्या लोकांचे कॉम्प्युटर बघायला सुरुवात केली. मी शिकवते त्या शाळेतला प्रिंटर बरा करायला आले तेव्हा माझी त्यांची गाठ पडली. पैसे घेत नसत. सेव-उसळ मात्र हक्काने मागत, आणि तिखट कमी असेल तर तोंड वाकडं करत. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या घोडदळात होते. "पणजोबा घोड्यावर, आजोबा सायकलवर आणि मी कॉम्प्युटरपुढच्या या चाकाच्या खुर्चीवर," ते म्हणत. "आमच्या घराण्याची उतरती भाजणी बघ." समा भागातल्या आपल्या घरून आमच्या रावपुऱ्यापर्यंत यायचे ते जुन्या स्कूटरवर, शर्टाच्या खिशात दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि एक दात घासायचा ब्रश घेऊन. ब्रश की-बोर्डसाठी. मला आधी वाटलं होतं, हे मुक्कामालाच आले.

माझी आई गेली त्याच्या आधीचं वर्षभर मी फोनवर तिचा आवाज साठवत होते. आमसुलाच्या साराचं प्रमाण, माहेरच्या गोष्टी, अर्धवट आठवणाऱ्या ओव्या, भांडीवाल्या बेनशी तिने गुजरातीत घातलेली हुज्जत, आणि बराच भाग मला रागावण्याचा. हजाराच्या वर तुकडे होते. ती गेल्यावर हे हरवलं तर काय, या भीतीने मला सुचेनासं झालं. काकांनी तोडगा काढला. "एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. इथे ठेवलंस की तिथे आपोआप येईल. मी घरबसल्या त्यांना नीट नावं देईन, ती तुझ्याकडे दिसतील." त्यांच्या आणि माझ्या कॉम्प्युटरवरचं 'आई' नावाचं फोल्डर त्यांनी इंटरनेटवरून जोडून दिलं. मी निर्धास्त झाले. नावं द्यायचं मात्र राहूनच गेलं, फाइलींना नुसते आकडे होते.

यंदाच्या हिवाळ्यात मी ते तुकडे ऐकून वहीत उतरवायला घेतले आणि कॉम्प्युटरने छळ मांडला. फोल्डर उघडून यादी खाली सरकवायची, तीनशेच्या आसपास पोचायचं, की यादी टुणकन सगळ्यात वर. पुन्हा खाली यावं, दोन-तीन मिनिटांत पुन्हा वर. मी माउस बदलला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, असेल नसेल ते अपडेट केलं. शेजारच्या मुलीने सांगितलं असतं तर त्याला उदबत्तीही ओवाळली असती, इतकी मी टेकीस आले होते.

काका संध्याकाळी आले. पंधरा मिनिटं बसले, वीस मिनिटं बसले. यादी शहाण्या बाळासारखी जागच्या जागी! दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, आता मला वेड्यात काढणार. पण ते कुणाला कधी वेड्यात काढत नसत. "तू खोटं सांगत नाहीस आणि मशीनही खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "कधी होतं ते लिहून ठेव." मी आठवडाभर लिहिलं. सकाळी दहा ते बारा. फक्त तेव्हाच.

म्हणून ते रविवारी सकाळी आले. त्या वेळी एरवी ते दुसऱ्यांच्या घरी दुरुस्तीला असायचे. बसले माझ्या मागे. सव्वादहाला यादी वर उडाली. काका खुर्चीतून पुढे वाकले. "एका वेळी एक," म्हणत त्यांनी माउस काढला, स्वतःचा लावला. तरी उडाली. ब्रशने की-बोर्ड झाडला, वर नेणारं बटण अडकलेलं नाही हे तपासलं. दुसरं फोल्डर उघडून पाहिलं, तिथे काही नाही. मग त्यांनी मला हात मागे घ्यायला लावले. आम्ही दोघं नुसते पडद्याकडे बघत राहिलो, कुणी कशाला शिवलं नाही, आणि यादी आपली आपण वर गेली.

"खालचा आकडा वाच," काका म्हणाले.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात फाइलींची संख्या बारीक अक्षरात असते. मी आयुष्यात कधी तिकडे पाहिलं नव्हतं. "पाचशे अठ्ठ्याऐंशी."

यादी उडाली.

"आता?"

"पाचशे सत्त्याऐंशी."

यादीत काही बिघाड नव्हता. एक फाइल कमी झाली की ती नव्याने मांडली जात होती, म्हणून वर पळत होती. माझ्या डोळ्यांसमोर माझी आई एकेक वाक्याने नाहीशी होत होती आणि मी आठवडाभर माउसला दोष देत बसले होते. मी ओरडलेच, "काका, थांबवा ना! चोर आहे का कोण? व्हायरस आहे?" त्यांनी इंटरनेट तोडलं. आकडा थांबला. दहा मिनिटं यादी हलली नाही. मग त्यांनी पुन्हा नेट जोडलं, आणि क्षणभरात दोन तुकडे एकदम गेले. त्यांनी परत तोडलं आणि हात मांडीवर ठेवले.

"इथून कोणी काढत नाहीये," ते म्हणाले. "तिकडून काढतंय. दुसरं टोक माझ्या घरी आहे."

"मग तुमच्या घरी कोण आहे?"

काकांनी खिशातलं घड्याळ काढून मनगटावर चढवलं.

"कुसुम," ते म्हणाले. "ती पत्ते खेळते सकाळी. कॉम्प्युटरवर. एकटीच असते ना."

कुसुमकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. मी त्यांना दोन-तीनदा भेटले होते. नीटनेटक्या, हसऱ्या, येणाऱ्याच्या हातावर लीलो चेवडो ठेवल्याशिवाय न सोडणाऱ्या. मला राग आला, खोटं कशाला सांगू? त्या रागातच मी माझ्या स्कूटरवरून काकांच्या स्कूटरमागे समाला गेले. काकू चुकून कुठेतरी बोट लावत असतील, आता जाऊन स्पष्ट सांगायचं, असं वाटेत जुळवत होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून माझ्या आईचा आवाज येत होता. "मेधा, पंखा बंद कर गं, किती वेळा सांगायचं," आई म्हणत होती, आणि कुसुमकाकू पडद्याला म्हणत होत्या, "पंखा नाहीये लावलेला, बाई. जा आता तुम्ही." मग बटणाचा आवाज. आई थांबली.

आम्हाला पाहून काकूंना हायसं वाटलं. "आलात? बरं झालं. अहो, ही बाई रोज येऊन बसते. तुम्ही सकाळी बाहेर पडलात की सुरू. रागावते, गाते, सार कसं करायचं ते मला शिकवते! मी एकेकदा घालवते, पण ही आहे की पुन्हा बोलतेच." मग माझ्याकडे वळून त्यांनी काकांना हळूच विचारलं, "या कोण? त्या बाईंच्यातल्याच का?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. काका दाराला धरून उभे होते. "अगं, ही मेधा," ते म्हणाले.

आईचे सगळे तुकडे परत मिळाले. काकूंना कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपली रिकामी करायची असते हे ठाऊकच नव्हतं, सगळं तिथे शाबूत पडलं होतं. काकांनी एकेक मोजून परत आणलं, दोन्ही फोल्डरांचा सांधा तोडला आणि माझी प्रत वेगळ्या डिस्कवर करून दिली. हे सगळं करताना ते एकदाच बोलले. "गावभर जाऊन लोकांच्या मागे पंधरा पंधरा मिनिटं बसलो मी, मेधा. हिच्या मागे एकदा बसलो असतो तर." मी म्हटलं, काका, असं नका म्हणू. पण ते म्हणत होते ते खरं होतं.

त्यानंतर त्यांनी दुरुस्त्या सोडल्या. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. नाव कळून होतं काय? महिनाभराने त्यांचा फोन आला. "एक विचित्र मागणं आहे. ती बोलकी बाई कुठे गेली म्हणून ही सारखी शोधते. आईच्या चाळीसेक तुकड्यांची नक्कल देशील?" मी दिली. काकू रोज सकाळी माझ्या आईला घराबाहेर काढत आणि काका दुपारी त्या झोपल्या की सगळे तुकडे परत भरून ठेवत. माझ्या आईला जन्मात कुणी ऊठ म्हणालं नव्हतं. पण ऐकलं असतं तर हसली असती ती, मला खात्री आहे.

या उन्हाळ्यात ते दोघं मुलीकडे नाशिकला कायमचे गेले. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. घरात खोकी बांधलेली, कॉम्प्युटर तेवढा शेवटी बांधायचा म्हणून ठेवलेला. काकू त्याच्यापुढे होत्या आणि काका त्यांच्या शेजारी खुर्ची लावून. काकूंनी एक फाइल उघडली. आवाज माझ्या आईचा नव्हता. "कुसुम, मी भाजी आणायला चाललोय. पाणी पी. घाबरू नकोस, अर्ध्या तासात येतो." बाहेर जाताना काकूंना धीर वाटावा म्हणून काका असं काही बोलून ठेवत.

काकूंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी ते पुन्हा लावलं, पूर्ण ऐकलं.

"हा कोण हो माणूस?" त्यांनी काकांना विचारलं. "मला कुसुम म्हणतो."

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे सांगतील. निदान नाव तरी सांगतील.

"असेल कोणी," काका म्हणाले. अगदी त्याच आवाजात, जो आत्ता पडद्यातून आला होता. "नको असेल तर काढून टाक."

काकूंनी काढून टाकलं आणि समाधानाने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.