साडूचं विमान

निवृत्तीनंतर पुष्कळ गुन्हे डोक्यातून निघून गेले. हा गेला नाही, आणि मी तो जाऊ देणारही नाही.

तेव्हा मी आदिलाबाद जिल्ह्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना कापसाच्या जिनिंगचे एक बडे मालक आत आले. त्यांचं स्वतःचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं विमान होतं, दोन इंजिनांचं. आमच्याकडे उतरायची सोय नसल्यामुळे ते नागपूरला उभं असे. तक्रार होती पगारी वैमानिकावर. ती भीमपूरकडच्या शेतकरी घरातली मुलगी.

“माह्या साडूचंबी इमान आहे. त्याचा खर्च माह्यापेक्षा निम्मा. मंग माहंच काऊन एवढं तेल पिऊन राह्यलं? हे पोरगी तेल इकते. टाका तिले आत.”

मी अर्ज ठेवून घेतला. दुपारी वरिष्ठांचा फोन आला. “आजच अटक दाखवा.”

“पुरावा मिळाला तर दाखवतो, सर. नाही तर नाही.”

पलीकडून फोन आदळला.

महिला कॉन्स्टेबलसमोर मुलीची चौकशी केली. ती रडली नाही, उलट चिडली होती. “सर, त्यांच्या साडूचं इमान एका इंजिनाचं, आमचं दोन. तेल जास्त लागनारच. त्यात आमी जवळच्या जवळ उडतो. उंच गेल्यावर तेल कमी लागते, पन उंच जाईपर्यंत उतरायची वेळ येते. मी मालकाले सांगतलं होतं. त्यायले पटलं नाही.”

ऐकायला खरं वाटलं; पण खरं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. इंधन भरणाऱ्याचा जबाब घेतला, बाहेरच्या अभियंत्याला विचारलं. दोघांचं बोलणं मुलीच्या सांगण्याशी जुळलं. तरी मालक हटेनात. “साडूचं निम्म्यात कसं भागते?” हा त्यांचा एकच सवाल.

उत्तर त्यांच्याच घरातून आलं. त्यांची बायको भरदिवसा ठाण्यात येऊन माझ्यासमोर बसली.

“साहेब, साडू म्हंजे माह्या बहिनीचा नवरा. त्यायले इचारा, इमान शेवटी कवा उडालं होतं.”

“तुमच्या यजमानांना हे माहीत आहे?”

“त्यायले मी इथं आल्याचंबी माईत नाही. कळू द्या.”

साडूला बोलावलं. सुरुवातीला त्यांनी ऐटीत खर्च सांगितला. मी कागद पुढे केला. “हेच जबाबात लिहितो. खोटं निघालं तर तुमच्यावर कारवाई. करा सही.” त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. घाम पुसत म्हणाले, “इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च आला, तवापासून उभंच आहे, साहेब. गिऱ्हाईक पाहून राह्यलो. साडूसमोर कसं सांगू?”

उभं विमान कमी खाणारच! दोन साडूंच्या फुशारकीत एक मुलगी तुरुंगात जाणार होती.

साडूचं खरं कळल्यावर मालक तक्रार मागे घ्यायला आले. मीच बोलावून घेतलेल्या मुलीला म्हणाले, “झालं ते झालं. ये कामावर.”

“कामावर नाही येत. मी चोर नाही, हे इथंच सांगा. सगळ्यायसमोर.”

मी शिपायाला दार सताड उघडायला सांगितलं. व्हरांड्यातल्या लोकांसमोर मालकांना ते म्हणावं लागलं.

थोड्याच दिवसांत माझी बदली झाली, गैरसोयीच्या जागी. या केसनं मला शिकवलं, की आरोपीइतकाच तक्रारदारही कसून तपासावा, आणि तो जितका मोठा तितका जास्त. वरिष्ठांनी निरोपाच्या वेळी विचारलं, “काय मिळवलंत?”

मी सलाम ठोकला आणि म्हणालो, “जिथे पाठवाल तिथेही असाच तपास करीन, सर.”