कानातली कॉमेंट्री

आधीच सांगते, मी आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेली बाई आहे. मायक्रोस्कोपखाली दिसतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जायचे. पण हा प्रसंग माझ्यावरच गुदरलाय, तेव्हा उठून जाणार कुठे...

१९८५ सालचा वसंत. आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयला राहत होतो. हे, म्हणजे माझे यजमान, मोटारींच्या कंपनीत इंजिनीअर. नागपूरला असताना क्रिकेटचं वेड, इथे आल्यावर बेसबॉलचं. वेड तेच, फक्त बॅट गोल झाली! सवयीही तिकडच्याच. स्टेडियममध्ये ट्रान्झिस्टर न्यायचा, आणि मॅच डोळ्यांसमोर चालू असली तरी कॉमेंट्री ऐकायचीच. शिवाय आपली टीम रंगात आली की जागेवरून हलायचं नाही. नागपूरला मॅचमध्ये बॅट्समनची जोडी जमली की यांच्या घरात कुणाला पाणी प्यायलाही उठू देत नसत म्हणे.

त्या रविवारी दुपारी आम्ही डेट्रॉइटच्या जुन्या स्टेडियममध्ये होतो. ऊन होतं, पण वारा बोचरा. यांनी मी विणलेला मोरपंखी स्वेटर घातला होता. तिसऱ्या बेसच्या बाजूला, जिन्याच्या कडेची खुर्ची यांची. तिच्या अगदी मागे छताला आधार देणारा लोखंडी खांब. शेजारी मी, हातात कॉफीचा कप घेऊन कुडकुडत. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"तू कॉमेंट्री ऐक, म्हणजे कळेल," असं म्हणून यांनी इयरफोन मला दिला.

कॉमेंटेटर अमेरिकन, बोलणं भरभर. निम्मं डोक्यावरून जात होतं. मी बापडी ऐकत बसले.

मग मॅच एकदम रंगली. आमची टीम मागे होती आणि अचानक तिन्ही बेसवर आमचे खेळाडू उभे! लोक ओरडायला लागले. त्या गोंगाटात कानातली कॉमेंट्री मला स्वच्छ कळायला लागली. आवाज जरा घोगरा, पण शांत.

"डावखुरा बॅटर... बॅट फिरवायला उशीर... चेंडू थेट प्रेक्षकांत! खांबापुढच्या खुर्चीतले, मोरपंखी स्वेटर घातलेले गृहस्थ... चेंडू त्यांच्या कानशिलावर बसला आहे. गृहस्थ कोसळले. शेजारच्या बाई त्यांना हलवताहेत. गृहस्थ हलत नाहीत."

मी मैदानाकडे पाहिलं. चेंडू अजून टाकलेलाच नव्हता. डावखुरा बॅटर आत्ता कुठे बॅट खांद्यावर टाकून येत होता.

मी यांचा खांदा हलवला.

"अहो, उठा! उठा आधी!"

"वेडी आहेस का? बेसेस लोडेड आहेत, एका फटक्यात मॅच फिरेल. आता जागा सोडायची नाही!"

"मला चक्कर येतेय. बाहेर चला ना..."

"दोन मिनिटं थांब यार. हा बॅटर होऊ दे."

मी दंडाला धरून ओढलं, तर हे आणखीच ठाण मांडून बसले. तिकडे चेंडू टाकायला पिचरनं हात वर घेतला. मला दुसरं काही सुचेना. हातातली गरम कॉफी मी यांच्या मांडीवर ओतली.

"आई गं!" करत हे उडी मारून जिन्यात गेले आणि पँट झटकायला लागले. त्याच क्षणी ठण्णकन आवाज झाला. चेंडू खांबावर आपटला होता. बसलेल्या माणसाचं डोकं येईल बरोब्बर त्या उंचीवर रंगाचा मोठा टवका उडाला होता.

हे पांढरेफटक पडले. त्या टवक्यावर बोट ठेवून म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"रेडिओवर सांगत होता ना तो... मराठीत..."

आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. मराठीत? डेट्रॉइटच्या रेडिओवर?

यांनी इयरफोन स्वतःच्या कानात घातला. नेहमीचाच अमेरिकन माणूस बोलत होता. मी तिथेच हुंदके देऊन रडायला लागले.

यांचं इंजिनीअरचं डोकं. म्हणाले, "शॉर्टवेव्हवर इंडियातलं स्टेशन घुसलं असेल." पण तो सेट फक्त मीडियम वेव्हचा होता. आणि समजा घुसलं, तरी त्या स्टेशनवाल्याला माझ्या हातच्या स्वेटरचा रंग कुणी सांगितला?  

आता आम्ही दोघंही रिटायर झालोय. यांचं वेड काही गेलं नाही, आणि मी यांना एकाही मॅचला एकटं सोडलं नाही. इथल्या मराठी मंडळातल्या मुली चिडवतात, "काकू, या वयात काय हो तुमची हौस!" मी हसून वेळ मारून नेते. खेळ मला अजूनही कळत नाही. पण कानात रेडिओ असतो. ती इंग्रजी बडबड चालू आहे तोवर ठीक. मध्येच आवाज थांबला की मी यांचा दंड घट्ट धरते. आणि हातात गरम कॉफीचा कप असतो. मी तो कधीच तोंडाला लावत नाही.